जांभळा रंग उतरताना: बीएस्सीच्या लॅबमधल्या प्रकल्प नोंदी

१८ जून

सेमिस्टर सुरू. कपाट आवरताना मागच्या बॅचची जर्नलं हाताला लागली, म्हणून मिथाइल अ‍ॅसिटेटच्या प्रयोगाची पानं काढून बसले. एका बेंचवरच्या सगळ्या जर्नलांत ब्युरेटचं (खाली नळ असलेल्या मापाच्या नळीचं) रीडिंग दशांशापर्यंत सारखं. आणि ते रीडिंग त्याच्याही आधीच्या वर्षाच्या एका जर्नलात सापडलं.

राग आला नाही, वाईट वाटलं. प्रयोगच असा आहे की पोरं दुसरं काय करणार? एस्टर आणि आम्ल एकत्र करायचं, दर दहा मिनिटांनी ५ मिली काढून बर्फाच्या पाण्यात सोडायचं, कॉस्टिकनं, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडनं, टायट्रेट करायचं (किती आम्ल आहे ते मोजायचं). तासाभरात जेमतेम सहा बिंदू मिळतात. शेवटचं, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्यानंतरचं रीडिंग खरं तर दुसऱ्या दिवशी घ्यायला हवं, पण दुसऱ्या दिवशी लॅब दुसऱ्या बॅचची असते. मग ते रीडिंग कुठून तरी येतं. तिकडे जांबोटीच्या पोरीला चार वाजताची बस गाठायची असते.

अभिक्रियेचा वेग शिकवायचा, आणि विद्यार्थ्याला वेगासारखं काही दिसतच नाही. दिसतो तो ब्युरेटचा नळ.

या वर्षी हे बदलायचं. रंग असलेला पदार्थ घ्यायचा, त्याचा रंग डोळ्यांदेखत उतरू द्यायचा आणि उतरता उतरता प्रकाश किती शोषला जातो ते मोजायचं. क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग आणि कॉस्टिक. कपाटात क्रिस्टल व्हायोलेटची २५ ग्रॅमची बाटली आहे, तेवढ्यात आमच्या हयातीतले सगळे विद्यार्थी होतील.

२६ जून

कॉलेजचा कलरीमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) एकच. त्यात ५३० चा फिल्टर आहे आणि ६२० चा. क्रिस्टल व्हायोलेट सगळ्यात जास्त शोषतं ते ५९० नॅनोमीटरच्या आसपास, आणि नेमका तोच फिल्टर नाही. एका यंत्राभोवती चोवीस मुलं उभी राहिली तर बाविसांना पुढच्याची पाठच दिसणार.

पिवळ्या एलईडीचा प्रकाश ५९० च्या जवळपासच असतो. समोर फोटोडायोड, म्हणजे प्रकाश पडला की करंट देणारा छोटा भाग, त्याला साधा मल्टीमीटर मायक्रोअँपिअरवर लावून. फोटोडायोडमधून येणारा करंट पडणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे हिशोब सोपा: नुसत्या पाण्याचं रीडिंग भागिले रंगाचं रीडिंग, त्याचा लॉग, झाला प्रकाश किती शोषला गेला त्याचा आकडा, म्हणजे अ‍ॅब्सॉर्बन्स.

प्रश्न होता तो क्युव्हेट (द्रावण ठेवायची चौकोनी काचेची नळी) बसवायच्या ठोकळ्याचा. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाचे नमुने) करणारे एक मिस्त्री ओळखीचे आहेत. त्यांना क्युव्हेट दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, कॅलिपर लावला, म्हणाले, "साडेबारा मिलिमीटर. मी थोडं सैल ठेवतो मॅडम, पावसात लाकूड फुगणार, मग तुमची काच अडकून फुटायची." ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं म्हणून आयुष्यभर पॅटर्न मापापेक्षा मोठा करत आलेला माणूस. किती जागा सोडायची हे त्यांना विचारावं लागत नाही.

सागवानाचे सहा ठोकळे. आतून काळा रंग. पैसे घेताना त्यांनी विचारलं, "यात बघायचं काय असतं?" मी सांगितलं. ते म्हणाले, झाल्यावर एकदा दाखवा.

३ जुलै

एलईडीला आधी नऊ व्होल्टची बॅटरी लावली होती. तासाभरात पाण्याचं रीडिंगच खाली आलं, बॅटरी दमते. लाईटवर चालवावं तर पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही. मग पॉवरबँक. तर ती अर्ध्या मिनिटात आपोआप बंद! एवढासा करंट म्हणजे काही जोडलेलंच नाही असं ती धरते. शेजारी ४७ ओहमचा एक वॅटचा रेझिस्टर जोडून तिला कामाला लावलं. आता पाण्याचं रीडिंग ८२ वर स्थिर.

८ जुलै

पहिला दिवस फक्त ओळखीचा, अभिक्रिया नाहीच. लिटरला ४१ मिलिग्रॅम क्रिस्टल व्हायोलेट विरघळवून मूळ द्रावण केलं. त्यापासून मुलांनी पाच पातळ द्रावणं केली आणि प्रत्येकाचा अ‍ॅब्सॉर्बन्स काढला. तीव्रता दुप्पट तर अ‍ॅब्सॉर्बन्स दुप्पट, सरळ रेघ. बूगेरनं १७२९ मध्ये प्रकाश थरागणिक कसा कमी होतो ते पाहिलं, लँबर्टनं १७६० मध्ये ते गणितात मांडलं, बिअरनं १८५२ मध्ये द्रावणाच्या तीव्रतेशी जोडलं. तीन ओळीत फळ्यावर लिहून टाकलं. खरा वेळ गेला तो दुसऱ्याच गोष्टीत.

निपाणीच्या मुलानं विचारलं, "मॅडम, रंग जांभळा, मग दिवा पिवळा का? जांभळा नको?"

मी उत्तर देणार तेवढ्यात शहापूरची मुलगी बोलली. तिच्या घरी माग आहेत. ती म्हणाली, रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली जांभळी साडी बघितली तर काळी दिसते, म्हणून आई सूत नेहमी दिवसा उजेडात पारखते.

यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं. जांभळ्या द्रावणानं पिवळा प्रकाश गिळला म्हणून तर ते आपल्याला जांभळं दिसतं. जो प्रकाश ते गिळतं तोच मोजायचा. निपाणीकरानं लगेच मोबाईलचा टॉर्च पिवळ्या जिलेटिन कागदातून क्युव्हेटवर पाडला. काळपट. मग सगळ्या बेंचवर तेच सुरू झालं, दहा मिनिटं मी त्यांना थांबवलं नाही.

अ‍ॅब्सॉर्बन्स १ म्हणजे प्रकाशाचा दहावा हिस्सा पलीकडे पोचला, २ म्हणजे शंभरावा. हे दोन आकडे पाठ करायला सांगितले. बाकी काही पाठ करायचं नाही.

१५ जुलै

पहिली खरी अभिक्रिया. रंग आणि कॉस्टिक समान आकारमानात मिसळायचं, स्टॉपवॉच चालू करायचं, दर तीस सेकंदांनी मीटर वाचायचा. कॉस्टिक रंगाच्या दोन हजार पट जास्त ठेवलं, म्हणजे ते जवळजवळ खर्चच होत नाही आणि वेग फक्त उरलेल्या रंगावर ठरतो.

लॅबमध्ये शांतता होती. अटेंडरसुद्धा येऊन उभे राहिले. गडद जांभळा, मग जांभळट, मग पाण्यात शाईचं बोट बुडवल्यासारखा फिका, मग काहीच नाही. नंदगडची मुलगी खिडकीजवळच्या बेंचवर होती. ती मीटरकडे बघायचीच विसरली, नुसती क्युव्हेटकडे बघत राहिली. एक रीडिंग चुकलं. तिनं वहीत त्या जागी खरंच रेघ मारून "बघत होते" असं लिहिलं. मी ते खोडू दिलं नाही.

रंग जातो कसा तेही सांगितलं. या रेणूत मधोमध एक कार्बन, त्याला तीन बेंझीनची कडी, आणि इलेक्ट्रॉन या सगळ्यांत पसरलेले. पसरलेले असतात म्हणून दिसणारा प्रकाश शोषतात. हायड्रॉक्साइड येऊन नेमकं मधल्या कार्बनला चिकटतं, पसरट व्यवस्था तुटते, रंग संपतो.

वर्गात निम्मी मुलं मराठी शाळेतून आलेली, काही कन्नड, शिकवणं इंग्रजीत. 'रेट' म्हटलं की चेहरे कोरे. 'वेग' म्हटलं की दोन्हीकडची मुलं मान हलवतात, कारण शब्द दोन्ही भाषांत तोच.

आलेख मात्र बिघडला. अ‍ॅब्सॉर्बन्सचा नॅचरल लॉग वेळेविरुद्ध मांडला की सरळ रेघ यायला हवी. नंदगडच्या मुलीची रेघ सुरुवातीला वाकलेली, वरचे बिंदू खाली दबलेले. मागच्या कोपऱ्यातल्या बेंचची जवळजवळ सरळ. शेजारचा मुलगा तिला म्हणाला, "वरचे चार पॉइंट सोड की, बाकीचे बरोबर येतात." ती माझ्याकडे बघायला लागली.

मी सांगितलं, काहीही सोडायचं नाही. उद्या बघू.

१६ जुलै

रात्रभर डोक्यात तेच. सकाळी लवकर जाऊन तिच्या बेंचवर तिचाच ठोकळा ठेवला. एलईडी बंद केला. मीटर शून्यावर जायला हवा. गेला नाही, १.६ दाखवत राहिला. खिडकीबाहेर ढग सरकला तसा १.९ झाला, मग १.४.

ठोकळ्याचं झाकण सैल. पावसासाठी मिस्त्रींनी सोडलेली जागा, तिथूनच उजेड शिरत होता. ८२ पैकी १.६ म्हणजे दोन टक्के. ऐकायला किरकोळ. पण खरा अ‍ॅब्सॉर्बन्स २ असेल तेव्हा पलीकडे पोचतो एकच टक्का प्रकाश. त्यात बाहेरून दोन टक्के मिसळला की मीटरला २ च्या जागी १.५ दिसणार. १ असेल तिथे ०.९३. रंग जितका गडद तितकी फसवणूक मोठी. म्हणून फक्त वरचे बिंदू दबले.

चूक माझी होती. रंग गडद दिसला की मुलांना आवडतं म्हणून मी सुरुवात १.६ पासून ठेवली होती.

दुपारी मुलीला बोलावून एलईडी बंद करायला सांगितलं, बाकी काही सांगितलं नाही. तिनं आकडा बघितला, खिडकीकडे बघितलं, ओढणीचं टोक ठोकळ्यावर टाकलं. आकडा ०.१. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लिहू शकत नाही. आता प्रत्येक ठोकळ्यावर काळ्या कापडाची टोपी, सुरुवातीचा रंग निम्म्यावर, आणि प्रत्येक गटानं आधी दिवा बंद करून रीडिंग घ्यायचं.

२२ जुलै

२५ अंश, कॉस्टिक मिसळल्यावर ०.०२ मोलर (लिटरमागे ०.०२ मोल). कोपऱ्यातल्या गटाचे आकडे उतरवून ठेवते: ६० सेकंदांना ०.६४, १२० ला ०.५०, १८० ला ०.३९, २४० ला ०.३१, ३०० ला ०.२४.

सूत्राआधी आलेखावर पट्टी ठेवायला लावली. ०.६४ चं ०.३२ व्हायला किती वेळ? साधारण १७० सेकंद. ०.५० चं ०.२५ व्हायला? पुन्हा तेवढाच. कुठूनही सुरुवात करा, अर्धं व्हायला तोच वेळ. फर्स्ट ऑर्डर म्हणजे हे, आणि ते मुलांनी पट्टीनं मोजलं. वेगस्थिरांक, म्हणजे उरलेल्या रंगाचा दर सेकंदाला जेवढा हिस्सा जातो तो आकडा, ०.००४१.

एक व्यवहाराची गोष्ट: रंग क्युव्हेटच्या काचेला चिकटून राहतो, पुढच्या गटाचं पाण्याचं रीडिंग कमी येतं. स्पिरिटनं धुवून मग पाण्यानं. हातमोजे सक्तीचे, कॉस्टिकमुळे गॉगलही. हाताला लागलेला जांभळा डाग दोन-तीन दिवस जात नाही.

५ ऑगस्ट

आज कॉस्टिक दुप्पट, ०.०४ मोलर. पुस्तकाप्रमाणे वेगस्थिरांक दुप्पट व्हायला हवा. येळ्ळूरच्या मुलीचा आला ०.००७४. म्हणजे १.८ पट. दुसऱ्या गटाचाही त्याच्याच जवळ.

मी म्हटलं, कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं, कमजोर पडलं असेल, ऑक्झॅलिक आम्लानं तपासा.

ती गप्प उभी राहिली, मग हळूच म्हणाली, "मॅडम, दोन्ही एकाच बाटलीतनं केलंय. बाटली कमजोर असली तरी दोन्ही सारखंच कमजोर. दुप्पट ते दुप्पटच राहायला पाहिजे की."

बरोबर होतं. मला सुचायला हवं होतं, तिला सुचलं. तिच्या आकड्याला मी तपासाआधीच चूक ठरवलं होतं, हे लिहून ठेवते. तिनं पुन्हा दोनदा केलं. १.८ आणि १.८.

७ ऑगस्ट

एमएस्सीच्या माझ्या जुन्या वह्या काढल्या. उत्तर त्यात होतं, वीस वर्षं डोळ्यासमोरून गेलेलं: क्षारांचा वेगावरचा परिणाम. रंगाचा आयन (प्रभार असलेला कण) धन, हायड्रॉक्साइड ऋण, दोघं एकमेकांकडे ओढले जातात. द्रावणात आयनांची गर्दी वाढली की प्रत्येकाभोवती विरुद्ध प्रभाराचं वलय जमतं आणि ही ओढ सैल पडते. कॉस्टिक दुप्पट केलं तेव्हा हायड्रॉक्साइड दुप्पट झालं, पण गर्दीही दुप्पट झाली. एक हात वेग वाढवतो, दुसरा किंचित मागे खेचतो. दोन्ही मिळून १.८.

परीक्षेसाठी मी हे शिकवत आले. स्वतःच्या हातानं कधी मोजलं नव्हतं.

१२ ऑगस्ट

मुलांना कारण सांगितलं नाही. एवढंच विचारलं, दोन प्रयोगांत हायड्रॉक्साइड सोडून आणखी काय बदललं? अर्धा तास गेला. तापमान म्हणाले, ते सारखं होतं. मिसळण्याची पद्धत म्हणाले. शेवटी कडोलीचा मुलगा, "सोडियम पण दुप्पट झाला की."

मग वाट मोकळी झाली. ०.०२ मोलर कॉस्टिकच्या प्रयोगात तेवढंच साधं मीठ घालायचं, म्हणजे दोन्हीकडे आयनांची गर्दी सारखी. सोडियम क्लोराइड अभिक्रियेत भाग घेत नाही, नुसतं उभं राहतं.

येळ्ळूरच्या मुलीनंच केलं. मीठ घातल्यावर ०.००४१ चं ०.००३८ झालं. ०.००७४ भागिले ०.००३८, म्हणजे १.९५. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर तिनं दोनदा भागून बघितलं, मग माझ्याकडे न बघता शेजारणीचा हात धरला. चिमूटभर मिठानं अभिक्रिया मंदावली, आणि ती मंदावणार हे तिला आधी माहीत होतं.

आजच्या दिवसासाठी ठोकळे, पॉवरबँका, काळं कापड, सगळं वसूल झालं.

२१ ऑगस्ट

तापमान. बर्फ घालून २०, गरम पाण्यानं ३० अंश. वेगस्थिरांक ०.००२८ आणि ०.००६१. आर्‍हेनियसच्या १८८९ च्या समीकरणानं सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) मोलला ५७ किलोज्यूलच्या पुढे. क्युव्हेट ठोकळ्यात ठेवली की हवेच्या तापमानाकडे सरकते, म्हणून हा आकडा मी फार घट्ट धरत नाही. दोनच तापमानांवर ऊर्जा काढणं मला पटत नाही. पुढच्या वर्षी किमान चार.

९ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर हजेरी कमी. जे आले त्यांच्याशी प्रयोग न करता बोलत बसले. चिकोडीकडच्या मुलाच्या घरी ऊस आहे. तो म्हणाला, तोडलेला ऊस टोळीचा ट्रॅक्टर न आल्यानं दोन-तीन दिवस पडला की वजन तर घटतंच, कारखान्यावर साखरेचा उताराही पडतो, बाबा त्यावरून फार चिडतात.

म्हटलं, ती अभिक्रियाच आहे. उसातली साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, त्याची दाणेदार साखर होत नाही. आणि अभिक्रियेचा वेग आकड्यात पहिल्यांदा मांडला गेला तो याच साखरेवर. १८५० मध्ये विल्हेल्मी नावाच्या जर्मन माणसानं साखर आम्लात घातली आणि ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश किती अंश वळतो ते बघत बसला. साखर प्रकाश उजवीकडे वळवते, फुटल्यावर मिश्रण डावीकडे. दर क्षणी फुटणारी साखर उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असते, हे त्यानं दाखवलं. ते शोषण नव्हे, वळण. पण नमुना न काढता, अभिक्रिया न थांबवता प्रकाशानं तिच्यावर नजर ठेवायची, ही कल्पना तीच. कारखान्याच्या लॅबमध्ये 'पोल' काढतात तोही याच वळणाचा आकडा.

मुलानं विचारलं, मग ऊस किती तासांत किती फुटतो ते आपल्याला काढता येईल? आमच्याकडे हे वळण मोजणारा जुना पोलरीमीटर आहे, सोडियमचा दिवा लागतो का बघायला हवं. पडून राहिलेल्या उसात जिवाणू आणि एन्झाइमही काम करतात, त्यामुळे आम्लातल्या साखरेइतकं ते सरळ नसणार. तरी त्याला रस आणायला सांगितला आहे, हंगाम सुरू झाला की.

२६ सप्टेंबर

जर्नलं तपासली. कोणत्याही दोघांचे आकडे सारखे नाहीत. एकाचा वेगस्थिरांक ०.००३९, एकीचा ०.००४३, आणि खाली प्रत्येकानं त्या दिवशीचं तापमान आणि दिवा बंद असतानाचं रीडिंग लिहिलंय. तपासायला दुप्पट वेळ लागला. नंदगडच्या मुलीनं १५ जुलैचा वाकडा आलेख फाडला नाही. त्यावर एक तिरकी रेघ, शेजारी "खिडकीचा उजेड, १.६", आणि पुढच्या पानावर सरळ आलेख. दोन्ही पानांवर सही केली.

संध्याकाळी मिस्त्री आले, कबूल केल्याप्रमाणे. त्यांना खुर्ची देऊन येळ्ळूरच्या मुलीनं प्रयोग लावला. रंग पूर्ण जाईपर्यंत ते हलले नाहीत. मग ठोकळा उचलून झाकणाच्या फटीवरून अंगठा फिरवला, म्हणाले, "इथं खाच काढून आत नमदा बसवला तर उजेड जायचा नाही, आणि लाकूड फुगलं तरी चालतंय." जुने सहाही ठोकळे पिशवीत घालून घेऊन गेले. आणखी चार सांगितलेत, हिरव्या एलईडीसाठी. फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंगही जास्तीच्या कॉस्टिकमध्ये हळूहळू उतरतो, पुढच्या सेमिस्टरला तो घ्यायचा आहे.